काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आत एक दगडी घर आहे

वळचण (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात उत्तर वेल्समध्ये लॅन्गॉथ्लेनला दोन दिवस होते. (नावातल्या वेल्श 'll'चा उच्चार असा: जीभ 'ल'च्या जागी ठेवायची आणि बाजूने नुसती हवा सोडायची. मला दोन दिवसांत जमलं नाही.) डी नदीकाठचं गाव, वर टेकडीवर दिनास ब्रान किल्ल्याचे अवशेष, आणि वरच्या अंगाला प्लास नेविद नावाचं घर. ते बघून आल्यापासून डोक्यात भुंगा आहे, म्हणून हा धागा.

आधी कुंडली सांगते. इथे पेन-इ-माइस नावाचं पाच खोल्यांचं साधं दगडी घर होतं. १७८० मध्ये ते लेडी एलिनॉर बटलर आणि सेरा पॉन्सनबी या दोन आयरिश बायकांनी भाड्याने घेतलं. दोन वर्षांपूर्वी दोघी घरातून पळाल्या होत्या. पहिल्यांदा पकडल्या गेल्या, दुसऱ्यांदा घरच्यांनीच हात टेकले. एलिनॉरला कॉन्व्हेंटमध्ये धाडायचा घरच्यांचा बेत होता. तर इथे आल्यावर या पाच खोल्यांना त्यांनी 'प्लास नेविद' म्हणजे 'नवा वाडा' असं नाव दिलं. हौसेला मोल नाही.

मग घराला हात घालायला सुरुवात झाली. खिडक्या-दारांना टोकदार गॉथिक कमानी, म्हणजे मध्ययुगीन चर्चच्या धाटणीच्या, त्यांत रंगीत काचेचे तुकडे, पुस्तकांची खोली. इथपर्यंत ठीक होतं, त्या काळी गॉथिकचं वारं होतंच. पण १८१४ च्या सुमारास दोघींना जुन्या कोरीव ओक लाकडाचं वेड लागलं आणि पुढची पंधरा वर्षं ते उतरलं नाही. मोडक्या पलंगांचे खांब, पेट्यांच्या फळ्या, कपाटांची दारं, चर्चमधल्या बाकांचे तुकडे, जे हाती येईल ते भिंतीवर चढत गेलं. पाहुण्यांना कळून चुकलं होतं की इथे फुलं घेऊन जाण्यात अर्थ नाही, कोरीव लाकूड न्यायचं.

देवडी बघाल तर चक्रावाल. देवडी म्हणजे पुढच्या दारावरचा छोटा मांडव. त्यावर चार शुभवर्तमानकार (बायबलमधली येशूची चरित्रं लिहिणारे), सतराव्या शतकातले शिपाई, लॅटिन अक्षरं आणि सिंह. हे सिंह म्हणे वेलिंग्टनच्या ड्यूकने दिलेले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कोणी पलंगाच्या डोक्याशी होता, कोणी पेटीच्या तोंडावर, आता सगळे पावसापाण्यात दारावर उभे. आत जिन्यापाशीही तेच, इंचभर भिंत मोकळी सोडलेली नाही. काही ठिकाणी चामड्याचं ठशांचं आवरण. उजेड रंगीत काचेतून येतो तेवढाच, त्यामुळे भर दुपारी संध्याकाळ.

मला पडलेला प्रश्न असा: दगडी घर गेलं कुठे? मी घराला चक्कर मारली आणि दगड शोधत बसले. यात वास्तुकला नेमकी कशाला म्हणायचं?

---

मनीमाऊ७

मी या घराचे फोटो पाहिलेत! काळी लाकडं आणि पांढरी भिंत असलेलंच ना? मला वाटलं ते ट्यूडर काळातलं, म्हणजे सोळाव्या शतकातलं आहे. म्हणजे ते पट्टे या बायकांनी लावले?

---

वळचण

हाच तर घोळ आहे. ते पट्टे त्यांचे नाहीतच. एलिनॉर १८२९ ला गेली, सेरा १८३१ ला. पट्ट्यांचा थाट जनरल यॉर्क नावाच्या पुढच्या मालकाचा, त्याने १८७६ मध्ये घर घेतलं. लहानपणी तो या दोघींना ओळखत होता. म्हणजे आपण ज्याचा फोटो काढून 'त्या दोघींचं घर' म्हणून मिरवतो, तो चेहरा त्यांनी बघितलेलाही नाही.

---

गवंडीकाका

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं केली आहेत, म्हणून या पट्ट्यांबद्दल थोडं लिहितो.

खऱ्या लाकडी सांगाड्याच्या घरात ओकचे खांब आणि तुळया वजन पेलतात, मधल्या चौकोनांत नुसती भर असते. सांध्यावर लाकडी खुंट्या ठोकलेल्या दिसतात, किंचित पुढे आलेल्या आणि एका ओळीत क्वचितच असणाऱ्या. खुंटी दिसली नाही, लाकूड सरळसोट आणि सगळीकडे एकाच जाडीचं दिसलं, की ओळखायचं ही भिंतीवर मारलेली फळी आहे. तिने वजन उचललेलं नाही, फक्त शोभा उचलली आहे. दगडी भिंतीला असल्या सांगाड्याची गरज काय? दगड स्वतःच उभा आहे.

आणि तो काळाकुट्ट रंगही बराचसा एकोणिसाव्या शतकाचा. जुन्या काळी पुष्कळ ठिकाणी लाकूड तसंच सोडत, ते रुपेरी-करडं होई, नाहीतर भिंतीसकट लाकडावरूनही चुन्याचा हात फिरवत. 'जुनं म्हणजे काळं-पांढरं' हे समीकरण व्हिक्टोरियन लोकांनी डांबर फासून पक्कं केलं. ओकचंही तसंच आहे. नवा कोरलेला ओक मधाच्या रंगाचा असतो. धूर, मेण, तेल आणि दोनेकशे वर्षं, मग तो काळा होतो. पलंग कोरणाऱ्या सुताराला आजची ती अंधारी खोली दाखवली तर तो म्हणेल, आग लागली होती का?

---

निरुद्योगी

धागा छान, पण मी खडा टाकतो. याला वास्तुकला कशाला म्हणायचं? मला तर हे भंगाराच्या दुकानाला छप्पर घातल्यासारखं वाटतंय. खोल्यांच्या मांडणीत विचार नाही, प्रमाणाचा विचार नाही, आणि ज्या वस्तूला जे काम होतं ते तिच्याकडून काढून घेतलेलं. पलंगाचा खांब दारावर काय करतोय? उद्या मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर सायकली ठोकल्या तर तुम्ही धागा काढाल का?

---

मनीमाऊ७

@निरुद्योगी, दोनशे वर्षं टिकल्या तर नक्की काढू. 😀

---

कोनाडा

निरुद्योगींचा मुद्दा टवाळीत घालवण्यासारखा नाही. पण हे खूळ एकट्या त्या दोघींचं नव्हतं, त्याची एक वंशावळ आहे.

हॉरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने १७४७ मध्ये लंडनजवळ ट्विकनहॅमला एक किरकोळ घर घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याचा गॉथिक किल्ला करत राहिला. ते स्ट्रॉबेरी हिल. तिथल्या दालनाचं नक्षीदार छत दगडाचं वाटतं, पण आहे कागदाच्या लगद्याचं. वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश कादंबरीकाराने १८११ मध्ये ट्वीड नदीकाठचं एक शेतघर घेतलं. त्या जागेला लोक 'क्लार्टी होल' म्हणत, म्हणजे चिखलाचा खड्डा. त्याचं त्याने ॲबट्सफर्ड केलं. एडिनबराचा जुना तुरुंग १८१७ मध्ये पाडला तेव्हा तिथलं दार आणून घराच्या भिंतीत बसवलं. आतल्या काही छतांना ओकसारखा रंग दिलेलं प्लास्टर आहे. आणि हाच स्कॉट १८२५ मध्ये लॅन्गॉथ्लेनला या दोघींकडे पाहुणा म्हणून गेला होता.

फरक पहा. वॉलपोल आणि स्कॉट यांनी नक्कल बेधडक वापरली, लगदा काय, प्लास्टर काय. या दोघींना खरंच लाकूड लागायचं. पैसा त्यांच्याकडे सगळ्यांत कमी, घर भाड्याचं, आणि साहित्याच्या बाबतीत मात्र सोवळ्या. त्यामुळे मांडणी विक्षिप्त असली तरी एकेक तुकडा घेतला तर अस्सल आहे. स्ट्रॉबेरी हिलचं उलट: मांडणी देखणी, हात लावला की पुठ्ठा.

---

उंबरठा

सगळे कौतुक करताय म्हणून विचारते. चर्चमधल्या बाकांचे तुकडे यांच्या घरात आले कसे? जवळच व्हॅले क्रूसिस मठाचे अवशेष आहेत ना? तिथलंच उचललं असेल तर ती हौस नाही, लूट झाली.

---

वळचण

@उंबरठा, मठ जवळच आहे, १२०१ मधला, सिस्टर्शियन साधूंचा. आठव्या हेन्रीने १५३० च्या दशकात मठ मोडले तेव्हा तोही मोडला. रंगीत काचा तिथल्या असं सांगतात, बागेतल्या ओढ्याकाठी ठेवलेली दगडी बाप्तिस्माकुंडी तिथलीच म्हणतात. गावातल्या सेंट कॉलेन चर्चचं कोरीव छतही तिथून आणलं असं गावकरी सांगतात. म्हणजे मठ मोडल्यावर अडीचशे वर्षं तो सगळ्या खोऱ्याचं कोठार होता. या दोघी त्या रांगेत पार शेवटी होत्या.

लाकडाचं म्हणाल तर त्या काळी जुन्या ओकला कोणी विचारत नव्हतं. श्रीमंतांच्या घरात महोगनी आली होती, आजोबांचा जड कोरीव पलंग म्हणजे अडगळ. त्यात युरोपात क्रांती आणि नेपोलियनच्या लढाया, चर्च आणि मठ रिकामे होत होते, तिथलं कोरीवकाम जहाजांनी इंग्लंडला येत होतं. लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवर अशा मालाच्या दलालांची दुकानं होती. (पुढे तिथे नवं लाकूड जुनं करून विकायचा धंदाही भरभराटला.)

लूट की सुटका, मला ठरवता येत नाही. एवढं नक्की की त्या भिंतीवरचे बरेच तुकडे नाहीतर चुलीत गेले असते.

---

गवंडीकाका

लाकूड कुठून आलं हा एक प्रश्न. माझ्या डोक्यात दुसराच घोळतोय: ते लाकूड दगडावर टिकलं कसं?

अनघड दगडाची जुनी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरचा थर, आतला थर, मध्ये खडी-चुन्याची भर. ती पाणी पिते आणि वाळते, पुन्हा पिते, पुन्हा वाळते. चुना हे होऊ देतो. अशा भिंतीला आतून लाकूड घट्ट चिकटवलं की तिचं वाळणं अडतं आणि ओलीचा मार लाकडाच्या पाठीवर येतो. पुढून मेण लावून चकचकीत, मागून भुसा.

काही वर्षांपूर्वी एका दगडी घराच्या कामावर होतो. (हे घर नव्हे.) बैठकीच्या खोलीतली ओकची एक फळी काढली. पाठीमागे मऊ काळी धूळ, तिच्यात मेलेले किडे, आणि दगडावर गुडघ्याएवढ्या उंचीवर ओलीची सरळ रेघ, फुटपट्टीने मारल्यासारखी. लोखंडी खिळे गंजून दुप्पट फुगले होते, त्यांनी लाकूड आतून चिरलं होतं. प्रत्येक खिळ्याभोवती शाई सांडल्यासारखा निळा-काळा डाग. ओकमध्ये टॅनिन असतं, त्याचं लोखंडाशी जमत नाही. मालक म्हणाले, लाकूड बदला. मी म्हटलं, आधी बाहेर या. बाहेर कोणीतरी जुन्या दरजांमध्ये सिमेंट भरून ठेवलं होतं. भिंतीचं नाक दाबलं होतं, मग ती आतून श्वास घेत होती.

सिमेंट खरवडून चुन्याने दरजा भरल्या. भिंत वाळायला दोन उन्हाळे दिले. मग तीच फळी परत लावली, पण भिंतीपासून बोटभर सोडून, खाली-वर हवा खेळेल अशी, आणि खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू. एकच फळी नवीन लागली.

टोकदार कमानींबद्दलही सांगतो. जुन्या दगडी भिंतीत खिडकी रुंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. वरचा दगड टेकूवर तोलायचा, दोन्ही थरांखाली आडवं लाकूड किंवा दगड सारायचा, मधली भर भसाभसा गळू लागली तर देवाचं नाव घ्यायचं. म्हणून अशा घरांत पुष्कळदा टोकदार कमान ही नुसती लाकडी चौकट असते, वजन तिच्या वरच्या आडव्या पट्टीवर. डोळ्याला चर्च, भिंतीला तीच जुनी झोपडी.

---

कोनाडा

गवंडीकाका, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका. दोन उन्हाळे थांबणारा मालक मिळाला हे विशेष.

---

गवंडीकाका

थांबला नाही, पैसे संपले होते.

---

निरुद्योगी

मान्य, काम अस्सल आहे. पण माझा दुसरा प्रश्न. असं घर आज सांभाळायचं म्हणजे नेमकं काय सांभाळायचं? तीन घरं आहेत एकात: पाच खोल्यांचं दगडी, दोघींचं ओकचं आणि जनरलचं काळं-पांढरं. मूळचं हवं असेल तर ओक उपटा. त्या दोघींचं हवं असेल तर पट्टे उपटा. की जे आहे ते सगळंच पूज्य?

---

वळचण

थोडं उपटलं गेलंय. १९३२ पासून घर सार्वजनिक मालकीचं आहे. पुढच्या मालकांनी जोडलेला भाग १९६३ मध्ये पाडला. पट्टे मात्र राहिले. म्हणजे त्या दोघींच्या काळापर्यंत मागे जायचं तर पूर्ण गेले नाहीत, आणि सगळे थर ठेवायचे तर तेही नाही.

---

कोनाडा

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, व्हेनिसची सनद आली, जुन्या वास्तू कशा जपाव्यात यावरची आंतरराष्ट्रीय सनद. तिचं अकरावं कलम नेमकं हेच सांगतं: इमारतीत सगळ्या काळांनी घातलेल्या ग्राह्य भरीचा मान ठेवा, शैली एकसंध करणं हे जीर्णोद्धाराचं ध्येय नव्हे. त्याआधी १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारती वाचवायला संस्था काढली तीही याच रागातून. तेव्हाचे जीर्णोद्धारवाले नंतरचे थर खरवडून चर्चं 'मूळ' गॉथिक करत सुटले होते. मॉरिसचं म्हणणं होतं, पडझड रोखा, दुरुस्त करा, पण भूतकाळ नव्याने बनवू नका.

म्हणजे निरुद्योगी, सनदेच्या हिशेबाने जनरलच्या पट्ट्यांनाही जागा आहे. मला आवडत नाहीत, पण आवडीचा प्रश्न नाही.

---

निरुद्योगी

'ग्राह्य भर' कोण ठरवणार, हे सनदेत असतं तर आपला धागा इथेच संपला असता.

---

सांजवेळ

तुम्ही सगळे भिंतीत अडकलात, मी माणसांबद्दल लिहिते. या दोघींबरोबर मेरी कॅरिल नावाची मोलकरीण आली होती, १८०९ मध्ये वारली. चर्चच्या आवारात तिघींचं एकच स्मारक आहे, तीन बाजूंचं, प्रत्येकीला एक बाजू. घराचं ओक सगळ्यांना माहीत, पण ती तीन बाजूंची शिळा बघाच. दोघींनी बांधलेल्या गोष्टींत मला तीच सगळ्यांत नेटकी वाटली.

आणि वर्ड्‌स्वर्थचा किस्सा राहिलाच. १८२४ मध्ये तो इथे आला, दोघींवर सुनीत लिहिलं आणि त्यात घराला 'ठेंगण्या छताची झोपडी' म्हणून बसला. झालं, बायका भडकल्या. चाळीस वर्षं खपून नवा वाडा उभा केला आणि कवीला दिसली झोपडी! (कवीचं चुकलं असं मला वाटत नाही. छत ठेंगणंच आहे.)

---

वळचण

सांजवेळ 👏 तो ठेंगणेपणा मलाही जाणवला. खोलीची उंची वाढवता आली नाही म्हणून सगळी हौस आडवी पसरली असं वाटतं. मोठ्या गढीत हेच तुकडे हरवून गेले असते, इथे ते नाकासमोर येतात. जिन्यापाशी उभं राहिलं की शेजारशेजारच्या दोन फळ्यांत दोन वेगळे सुतार दिसतात. एकाची वेल खोल, कडा धारदार. दुसऱ्याची उथळ, जेमतेम ओरखडलेली.

आणि एक गोष्ट कालपासून सुचतेय. सेरा गेल्यावर १८३२ मध्ये घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला. पुस्तकं, सामान, सगळं पांगलं. राहिलं ते फक्त भिंतीला ठोकलेलं. एरवी पलंगाचे ते खांब पलंग म्हणूनच विकले गेले असते. निरुद्योगी, तुम्ही विचारलं होतं ना, पलंगाचा खांब दारावर काय करतोय? लिलावातून वाचतोय.

---

निरुद्योगी

हे मात्र पटलं. सायकली ठोकायला घेतो.

---

उंबरठा

याच्या उलटं उदाहरण हवं असेल तर कॉट्सवोल्ड्समधलं स्नोशिल. चार्ल्स वेडने १९१९ मध्ये पडझड झालेलं दगडी घर घेतलं. तो स्वतः वास्तुविशारद. घर नीट दुरुस्त केलं आणि मग त्यात वस्तू भरल्या, हजारोंनी, एका खोलीत तर सामुराईंची चिलखतं. स्वतः मात्र अंगणातल्या छोट्या घरात राहायचा, विजेशिवाय. १९५१ मध्ये सगळं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. तिथे घर आणि संग्रह वेगळे काढता येतात. भिंत भिंतच राहिली, वस्तू वस्तू राहिल्या. लॅन्गॉथ्लेनला ते शक्य नाही, तिथे संग्रह हीच भिंत आहे. माझा लुटीचा आक्षेप कायम आहे, पण फरक कळला.

---

मनीमाऊ७

एक बाळबोध प्रश्न. आज कोणी असं दगडी घर घेऊन हे सगळं करायचं म्हटलं तर?

---

गवंडीकाका

ब्रिटनमध्ये घर संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय वास्तूच्या स्वरूपाला धक्का लागेल असं आतलंसुद्धा काही बदलता येत नाही. विनापरवाना बदल हा गुन्हा आहे. पेन-इ-माइस आज यादीत असतं तर या दोघी पहिल्या टोकदार खिडकीलाच अडकल्या असत्या, आणि माझ्यासारख्याने अहवालात लिहिलं असतं, 'प्रस्तावित बदल वास्तूच्या स्वरूपाशी विसंगत'. आता तोच विसंगत बदल जपायला लोक राबतात. मी दोन्हीकडून सही केली असती, काय करणार.

---

मनीमाऊ७

हाहा. मी पुढच्या महिन्यात चेस्टरला आहे, तिथून लॅन्गॉथ्लेन जवळ आहे. जाऊन काय बघू? वळचणला दगड सापडला नाही, मला सापडेल का?

---

गवंडीकाका

बाहेरून शोधू नकोस. आत कुठल्याही जुन्या खिडकीपाशी जा आणि काच भिंतीच्या आतल्या कडेपासून किती आत बसली आहे ते बघ. लाकडी भिंत वीतभर भरते. अनघड दगडाची हातभर. मेणाने चमकणारी नक्षी, रंगीत काच, सगळं विसरून खिडकीच्या बगलेत हात आडवा धर. कोपरापर्यंत आत गेला की समज, तू पेन-इ-माइसमध्ये उभी आहेस.

---

निरुद्योगी

हात लावू देतात का तिथे?

---

वळचण

नाही. पण जिन्यापाशी फार अंधार आहे.